पंखा उभा बांधला तो गुरुवार

माझा थोरला भाऊ आमोस याच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशीही जिंकलो मीच, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. भंडारदऱ्याच्या धरणावर लाँच चालवणारा हा माणूस जगाच्या लेखी कुणीही नव्हता. पण त्या तळ्याच्या दोन्ही काठांवर त्याचं नाव घ्या, आजही म्हातारी माणसं हसतात आणि मग जरा सावरून बसतात.

आम्ही साळवे, केडगावचे. वडील प्रभुदास मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि पोराने उपदेशक व्हावं म्हणून रोज गुडघे टेकायचे. पोराचा जीव मात्र पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या लॉऱ्यांत. सातवीतच त्याने शाळेला रामराम ठोकला, आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. रंगाने काळा, अंगाने आडवा, कपडे मात्र असे स्वच्छ की ग्रीसचा डाग दिसला तर जेवण सोडून धुवायला बसेल. इंजिनाशी तो हळू आवाजात बोलायचा आणि माणसांशी मोठ्याने. माझ्याशी तर ओरडूनच. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हते.

पुढे पाटबंधारे खात्याने धरणावर लाँच आणली आणि आमोसला ती मिळाली. मी तेव्हा नगरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकून शेंडीला, म्हणजे धरणाच्या भिंतीजवळच्या गावी, नेमणुकीवर आलेली. दर गुरुवारी लाँचमधून औषधांची पेटी घेऊन तळ्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला कातळवाडीला जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, हे माझं काम. त्या बाजूला सगळी डोंगरातली माणसं. हिवताप घरोघर. काठाकाठाने पायी जायचं तर दिवस मोडून दुसरा दिवस लागायचा, आणि तेवढ्यासाठी नर्स सोडायला दवाखान्याकडे माणसं नव्हती. लाँच होती म्हणून गुरुवार होता.

कातळवाडीची एक रीत मला फार आवडायची. पहाटे शेतावर जाताना जो तो गोजराबाईच्या अंगणात आपला एक दगड रांगेत ठेवून जायचा. गोजराबाई म्हणजे तिथली वयाने आणि आवाजाने मोठी बाई, तिच्याच पडवीत माझा दवाखाना. लाँच दिसली की माणसं कामं टाकून यायची आणि आपापल्या दगडामागे उभी राहायची. दगडावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. शहरात खुर्चीवरून मारामाऱ्या पाहिल्यात.

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी पेट्रोल आटलं. महिन्याचं पेट्रोल एका डब्यात येऊ लागलं, तेही डब्याचं तोंड कोरडं राहील इतकं. त्यातच वरून हुकूम आला की ज्या लाँच नुसत्या उभ्या आहेत त्या उचलून मुंबईला बंदराच्या कामाला पाठवायच्या. आमची लाँच बघायला नगरहून ओव्हरसिअर आप्पासाहेब ईस्टरनंतरच्या गुरुवारी येणार होते. ते दोनच गोष्टी पाहणार होते. एक, पेट्रोल न जाळता लाँच कातळवाडीची फेरी एका दिवसात करते का. दोन, तिचं इंजिन ठाकठीक आहे का. दोन्हींना होकार मिळाला तर लाँच राहील. एकाला जरी नकार मिळाला तर लाँच जाईल, आणि तिच्याबरोबर गुरुवारही.

पेट्रोलवाचून जायचं म्हणजे शीड लावूनच. मिशनचा दौऱ्याचा एक जुना तंबू दवाखान्याच्या अडगळीत पडला होता, तो मी भांडून मिळवला आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी शिवून त्याचं शीड केलं. तंबूच्या दोन खिडक्या होत्या, त्यांना ठिगळं लावली तरी त्या खिडक्याच दिसायच्या. डोलकाठी मच्छिंद्रने उभी केली. मच्छिंद्र लाँचवरचा खलाशी, मूळचा कोपरगावचा. गोदावरीवर नाव चालवण्यात त्याच्या घराण्याच्या पिढ्या गेल्या होत्या. वाळका, तंबाखू मळत बसणारा, आणि आमोस दहा वाक्यं बोलला की एक बोलणारा.

तळ्यावरचा वारा मोठा शिस्तीचा. उन्हाळ्यात सकाळी तो धरणाकडून पश्चिमेला अगदी मंद वाहतो, म्हणजे जाताना पाठीशी. दुपारी थांबतो. मग उलटतो आणि पश्चिमेकडून जोरात सुटतो. येताना काळजी नव्हती, वारा ढकलतच आणायचा. खरी परीक्षा सकाळची होती. दुपारच्या आत कातळवाडी गाठली तर ठीक. नाहीतर मधल्या पाण्यात वारा तोंडावर यायचा आणि त्या जड लाँचला पुढे सरकणं अशक्य व्हायचं.

आता वादाचं मूळ सांगते. लाँचच्या मागे पाण्यात पंखा असतो. इंजिन चालू असताना तो लाँचला ढकलतो. इंजिन बंद करून शिडावर निघालं की तोच पंखा पाण्यात आडवा येतो. मग त्याला मोकळा फिरू द्यायचा की बांधून ठेवायचा? मला विचाराल तर दोन शहाण्या माणसांनी यावर अर्धा तास बोलून विषय मिटवावा. या दोघांनी अर्धा उन्हाळा खाल्ला.

आमोसचं म्हणणं, मोकळा सोडायचा. ड्रायव्हर लोक पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करतात, गाडी न्यूट्रलवर टाकतात आणि खाली येतात, तसं. तळाशी शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, फिरायला लागला की लाँचमध्ये बारीक गुणगुण ऐकू यायची. ती ऐकली की आमोस खुशीत मान डोलवायचा.

"ऐक कृपे. गाडी पळतीय."

मच्छिंद्र तंबाखू मळता मळता म्हणायचा, "डायवर, ह्यो पंका कोन फिरवतंय? पानी. पानी कशानं पळतंय? तुमच्या शिडानं. म्हंजी शिडाची ताकद पंका खातोय. बांदा त्याला."

"अरे, घाटात लॉरी न्यूट्रलवर सोडतातच ना?"

"घाटाला उतार आस्तो. तळ्याला कुटं हाय?"

यावर आमोसने तीन दिवस मच्छिंद्रशी अबोला धरला. शेवटी माझाच संयम संपला. म्हटलं, एका गुरुवारी मच्छिंद्रच्या मताने जाऊ या. पाहू तरी.

त्या गुरुवारी त्यांनी शाफ्ट जसा थांबला होता तसाच दोरीने आवळून बांधला. गुणगुण बंद झाली, आणि लाँचचा वेगही. मागे कुणी टोपली बांधून सोडल्यासारखी ती पाण्यात ओढत चालली. तळ्याच्या मध्यावर बुडालेल्या गावातलं एक वठलेलं झाड पाण्याबाहेर उभं असायचं. त्या झाडापाशीच वारा थांबला आणि उलटला. आम्ही वल्ही मारत कसाबसा जवळचा काठ गाठला आणि पेटी डोक्यावर घेऊन चालत निघालो. कातळवाडीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गोजराबाईच्या अंगणात कुणी नव्हतं. नुसती दगडांची रांग होती. दारापासून पार कुंपणापर्यंत.

मी त्या रांगेकडे पाहत उभी राहिले आणि मला रडू आलं. आमोसने पेटी खाली ठेवली आणि मच्छिंद्रला चकार शब्द बोलला नाही. इतकी माणुसकी त्याच्यात होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने जे सुरू केलं त्याला अंत नव्हता. चहा पिताना, दाढी करताना, प्रार्थनेला जाताना एकच. "बांधा म्हणे बांधा." मच्छिंद्र तंबाखू मळत राहायचा.

पुढचे गुरुवार पंखा मोकळा राहिला आणि आम्ही दुपारच्या आत पोचत राहिलो. मलाही वाटलं, सुटला प्रश्न. मग ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी कातळवाडीच्या काठाला लागता लागता मला जळक्या तेलाचा वास आला. आमोसला तो माझ्या आधी आला असणार, कारण त्याचा चेहरा उतरला होता. त्याने फळी उचलून गिअरबॉक्सला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बोटं भाजली होती.

लाँच काठाला लावून त्याने तिथेच झाकण उघडलं. आत वाकून तेल कुठे आहे ते पाहिलं. मग म्हणाला, "कृपे, इंजिन चालू असतं तेव्हा गिअरची चाकं तेल वर उडवतात. इंजिन बंद म्हणजे तेल तळाला. आणि मी हा शाफ्ट सकाळ-सकाळ कोरडाच फिरवतोय. घाटात लॉरी पाच मिनिटं न्यूट्रलवर चालते. मी तासन् तास चालवली." त्याच्या तोंडून स्वतःची चूक इतक्या सरळ शब्दांत मी प्रथमच ऐकली, आणि खरं सांगते, मला त्याचं ओरडणं परवडलं असतं. गिअर अजून जिवंत होता. पण आणखी एकदा असा गेला तर जळणार, आणि युद्धात सुटा भाग मिळण्याची आशाच नको.

म्हणजे पंखा मोकळा सोडला तर इंजिन मरणार. बांधला तर लाँच पोचणार नाही. आणि आप्पासाहेब पुढच्याच गुरुवारी लाँचमध्ये बसणार होते.

त्या दिवशी वारा लवकर उलटला. काठावरून वाडीकडे चढताना तो तोंडावर असा येत होता की पदर आवरताना पेटी सुटायची. गोजराबाई आम्हाला घ्यायला आली होती, बैल घेऊन. पेटी तिने बैलावर लादली आणि स्वतः बैलाच्या शेपटीमागे चालू लागली. मी तिच्या मागे, माझ्यामागे मच्छिंद्र. आमोस बाजूने चालला होता, डोक्याचा रुमाल फडफडतोय, डोळ्यांत माती, तोंडावर सुतक.

गोजराबाई म्हणाली, "डायवर, बाजूला कशाला मार खाता? मागं या की. म्होरं बैल, मागं मी. वाऱ्याला मी दिसतच न्हाई."

आमोस तिच्या मागे आला. मग थांबला. पुन्हा बाजूला गेला, रुमाल फडफडला. पुन्हा मागे आला, रुमाल पडून राहिला. मग हात आडवे पसरून बैलामागे उभा राहिला, तर हात वाऱ्यात आले. त्याने हात खाली सोडले, अंगाला चिकटवले आणि तसाच उभा राहिला. असं त्याने इतक्या वेळा केलं की बैलसुद्धा थांबून मागे बघायला लागला.

"ताप हाय का ह्यांला?" गोजराबाईने मला विचारलं.

"मच्छिंद्र," आमोस म्हणाला, "आपल्या पंख्याला पाती किती?"

"दोन."

"आणि त्याच्या पुढं काय आहे?"

लाँचच्या पोटाखालून एक जाड लाकूड मागपर्यंत गेलेलं असतं आणि शेवटी उभं वर येतं. पंखा बरोबर त्याच्या पाठीमागे. मच्छिंद्रने तंबाखूची पुडी कनवटीला लावली, आणि मी पहिल्यांदाच त्याला घाईत बोलताना ऐकलं. "आपन बांदला तवा पाती आडवी हुती, डायवर. लाकडाच्या दोनी अंगानं भाईर."

"उभी बांधायची," आमोस म्हणाला. "लाकडाच्या आडोशाला. पाण्याला पंखा दिसताच कामा नये."

येताना वारा पाठीशी होता, त्यामुळे पंखा कसाही बांधला तरी चाललं. शेंडीला आल्यावर दोघांनी गावातली माणसं गोळा करून लाँच काठावर ओढून घेतली. गुड फ्रायडे आणि शनिवार, दोन्ही दिवस आमोसचं अर्धं अंग लाँचखाली. पाती हाताने उभी केली की बरोबर लाकडामागे लपत होती, बोटभर सुद्धा बाहेर नाही. पण पाण्यात असताना आतल्या माणसाला पाती उभी की आडवी हे कळणार कसं? म्हणून पाती उभी असताना आमोसने आत शाफ्टच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारली. रेघ वर आली की पाती उभी. मग शाफ्ट दोरीने आवळायचा. ती दोरी मच्छिंद्रने वळली आणि गाठही त्यानेच ठरवली. यावर मात्र वाद झाला नाही. ईस्टरच्या प्रार्थनेला आमोस आला तेव्हा त्याच्या नखांत पांढरा रंग होता, आणि त्याने तो धुतलाही नव्हता.

आप्पासाहेब आले ते छत्री आणि दुखरा गुडघा घेऊन. स्थूल, कमी बोलणारा माणूस, वाईट अजिबात नाही. खिडक्यांच्या शिडाकडे त्यांनी छत्री वर करून पाहिलं आणि लाँचमध्ये बसले. लाँच सुटली. वारा नावालाच होता. आमोसने शाफ्ट हाताने फिरवून रेघ वर आणली, मच्छिंद्रने दोरी आवळली. आत शांतता पसरली.

त्या शांततेने आमोसचा जीव खाल्ला. इतके दिवस गुणगुण ऐकून त्याला गाडी पळते हे कळायचं, आता कळेना. तो भाकरीचे तुकडे मोडून पाण्यात टाकायला लागला आणि तुकडा किती लवकर मागे पडतो ते बघू लागला. अख्खी भाकरी संपली तेव्हा त्याने माझ्या डब्यातली घेतली.

"मासे पाळलेत का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. वेग बघतोय."

"मग?"

आमोसने आणखी एक तुकडा पाण्यात टाकला. वठलेलं झाड समोर दिसायला लागलं होतं. मी पदराची गाठ हातात धरून बसले होते. त्या झाडापाशी मागे काय झालं ते मला दिसत होतं, ती दगडांची रांगही दिसत होती. झाड जवळ आलं, बाजूला आलं. वारा अजून पाठीवरच होता. झाड मागे पडलं. मच्छिंद्र मान मागे वळवून त्या झाडाकडे असा बघत होता की जणू ते त्याचं देणं लागत होतं. मग तो आमोसकडे वळला आणि हसला. त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

कातळवाडीच्या काठाला लागलो तेव्हा डोक्यावर सूर्य यायला अवकाश होता आणि पाठीमागचा वारा अजून शिडात होता. मोकळ्या पंख्याने आम्ही इतक्या लवकर एकदाही पोचलो नव्हतो. वरच्या शेतांतून माणसं पळत खाली येत होती. त्यांना खिडक्यांचं शीड लांबूनच दिसलं होतं.

आप्पासाहेब उतरले नाहीत. "आता इंजिन," ते म्हणाले.

आमोसने दोरी सोडली. हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा गप्प. काठावरची माणसं पाहत होती. आमोस खाली वाकला आणि इंजिनाच्या कानात, कुठे असेल तो तिथे, काहीतरी पुटपुटला. तिसऱ्यांदा हँडल मारलं तसं ते धडधडलं. त्याने गिअर टाकला. खरखर नाही, वास नाही. जपून ठेवलेल्या पेट्रोलवर त्याने लाँच काठापासून आत नेली, सगळ्या कातळवाडीसमोर तिला एक मोठं रिंगण घातलं, शीड फडफडतंय, आप्पासाहेब छत्री धरून बसलेत, आणि परत आणून तिथेच लावली. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा अभिमान बाळगला आहे. त्या रिंगणाइतका कशाचाही नाही.

"कुणाची युक्ती ही?" आप्पासाहेबांनी विचारलं.

आमोसने छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत ऐका. पण तो मच्छिंद्रकडे वळला. "बांधायचं ह्याचं, साहेब. हा पहिल्यापासून सांगत होता. कसं बांधायचं, ते माझं."

"ते गोजराबाईच्या बैलाचं," मच्छिंद्र म्हणाला.

आम्ही वाडीत चढलो. अंगणात दगडांची रांग दारापासून कुंपणापर्यंत होती, आणि या वेळी प्रत्येक दगडामागे माणूस होता. आप्पासाहेबांनी हे काय म्हणून विचारलं. गोजराबाईने त्यांना रीत समजावून सांगितली, जरा ओरडूनच, कारण तिच्या मते नगरच्या माणसांना कमी ऐकू येतं. ते ऐकत राहिले. मी पेटी उघडली आणि कामाला लागले.

दुपारचा वारा उलटायला लागला तेव्हा आमोस मला बोलवायला आला. रांग संपत आली होती. आप्पासाहेब पडवीच्या कडेला गुडघा चोळत बसले होते. मी त्यांना म्हटलं, "दाखवा गुडघा, मलम लावते."

"आज नको," ते उठत म्हणाले. "आज निघायला हवं, वारा आलाय." मग ते कुंपणापाशी गेले, खाली वाकून एक बऱ्यापैकी दगड निवडला, रांगेच्या जागी आणून सगळ्यात पुढे ठेवला आणि हात झटकले.

"हा माझा," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारचा."